जुलाबाचे थेंब

गल्लीत तिला तोंडावर आत्या म्हणत आणि पाठीमागे उकळीआत्या. तिच्या शेगडीवर सदा काहीतरी उकळत असे, आणि बहुतेक वेळा ते खायचे नसे. दुपटी, झबली, चमचे, बाळाची वाटी, खुळखुळ्याची मूठ, पायपुसणे. एकदा तिने वायरमन भावाचा कंगवा उकळला आणि तो धनुष्यासारखा वाकला. तेव्हापासून वायरमनचा भांग वाकडा पडतो, असे शेजारची शिलाईवाली मशीनवरून मान न उचलता सांगायची, आणि कपडे शिवायला आलेल्या बायका हसून घ्यायच्या. आत्याही हसायची. पण हसणाऱ्यांना पातेले दिसे, खालचा जाळ दिसत नसे. तो जाळ भीतीचा होता आणि फार जुना होता.

ती दुधाचे दात पडायच्या वयाची असताना घरात तिला दोन धाकटे भाऊ होते. एक नुकताच पाळण्यात आलेला, दुसरा वर्षाचा होऊनही रांगता. रांगत्याला सगळे मधला म्हणत. एकदा मधला दिवसभर किरकिरत राहिला, दूध घेईना, पोटाला हात लावू देईना. घरात मोठी काकू होती, तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती म्हणाली, पोट तुंबलंय, एक जुलाब द्या, सगळा केर निघून जाईल. त्या काळी मुलाला जुलाब देणे म्हणजे घर झाडून काढण्यासारखे होते, त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. एरंडेलाचा चमचा आला. मधल्याचे हात धरायचे काम हिच्याकडे आले आणि हिने ते घट्ट धरले.

पण मग जे जुलाब लागले ते थांबेनात. काकू म्हणाली, वरून पाणी घातलं तर खालून जाणारच, आता पाणी बंद. पाण्याच्या भांड्यापाशी राखण करायला हिला बसवले. मधला रांगत यायचा, भांड्याच्या काठाला ओठ लावायचा, आणि ही त्याला उचलून पुन्हा अंथरुणावर नेऊन ठेवायची. मोठ्यांनी सांगितले होते ना. तो परत यायचा, ही परत नेऊन ठेवायची. असे किती वेळा झाले कोण जाणे. मग तो यायचा थांबला. हिला वाटले, शहाणा झाला, ऐकायला लागला.

त्यानंतर घरात त्याचे नाव कोणी काढले नाही. तो एरंडेलाने गेला, की आधीच पोटात शिरलेल्या कसल्या आजाराने, की तहानेने, हे विचारायचे तिचे वय नव्हते, आणि वय झाले तेव्हा सांगणारे कोणी उरले नव्हते. तिच्या मनात मात्र हिशेब पक्का बसला. जुलाब दिला आणि मूल गेले.

आईबाप गेल्यावर धाकट्याला तिनेच वाढवले आणि त्या गडबडीत तिचे स्वतःचे लग्न राहून गेले. एका मोठ्या लॉजच्या तळघरात धुलाईखोली होती, तिथे ती कामाला लागली. वाफेने भिंतींना घाम सुटलेला, मधोमध भट्टी, भट्टीवर माणूस उभा राहील एवढी टाकी, आणि चादरी ढवळायला खांद्याइतका उंच दांडा. चादर हातात आली की डाग बघून ती माणूस सांगायची. हा चहा घेता घेता पेंगला, ही रडून झोपली, या खोलीत लहान मूल होते. नव्या बायकांना ती शिकवायची की रक्ताच्या डागावर आधी उकळते पाणी ओतायचे नाही, डाग कायमचा बसतो. मनातल्या डागाचेही तसेच असते, पण ते तिला कोणी शिकवले नव्हते. स्वतःच्या भीतीवर ती आयुष्यभर उकळतेच पाणी ओतत आली.

धाकटा वायरमन झाला. उशिरा का होईना, बोहल्यावर चढला. भावजय मिळाली ती बस कंडक्टर, आवाज खणखणीत, दिवसभर माणसे मागेपुढे सरकवायची सवय. नणंदेला ती वन्सं म्हणायची आणि मनापासून मान द्यायची. मूल झाले, मुलगी. एवढीशी, मुठीत मावेल अशी, म्हणून पिटुकली. भावजयीची रजा संपत आली तसा, मूल कोणाकडे ठेवायचे, हा प्रश्न निघायच्या आतच आत्याने धुलाईखोलीचा दांडा दुसरीच्या हातात देऊन टाकला. घरी आली ती पिटुकलीसाठी. रोज सकाळी हात जोडून ती देवाला एवढेच सांगायची की हिला माझ्या हाताखाली ठेवली आहेस, आता माझ्या हातांकडे लक्ष ठेव.

आता ते लसीचे सांगायला हवे.

पिटुकली दीड महिन्याची झाली तेव्हा आत्याच तिला दवाखान्यात घेऊन गेली. दवाखान्याच्या मागच्या खोलीत लस देत. दोन बाकडी, एक वजनकाटा, बर्फाचा डबा, आणि एक सिस्टर, जिच्या कपाळावरचा घाम पुसायलाही तिला हात मोकळा मिळत नव्हता. एक मूल रडले की त्याचे ऐकून दुसरे, दुसऱ्याचे ऐकून तिसरे. त्या गोंगाटात सिस्टरने आधी पोलिओचे दोन थेंब पाजले. ते आत्याला ठाऊक होते, पायात बळ राहण्याचे थेंब. मग सिस्टरने दुसरी नळी उचलली आणि म्हणाली, "आता हे जुलाबाचे थेंब."

आत्याचा तळवा आपोआप पिटुकलीच्या तोंडावर गेला.

हिला जुलाब नको, ती म्हणाली, हिचे पोट रोज साफ होते. सिस्टरला ते नीट ऐकूच गेले नाही, कारण मागच्या बाळाने नेमकी तेव्हाच तिच्या पाठीवर धार सोडली होती. ती पदर झटकत म्हणाली, साफ होतं तर चांगलंच आहे की आत्या, पण देऊन ठेवू या, पुढे कामाला येतात. आत्याने विचारले, याने जुलाब होतील का?

"होतं एखाद्या बाळाला एकदोनदा पातळ," सिस्टर म्हणाली. "त्याला घाबरायचं नसतं."

हेच, अगदी हेच काकू म्हणाली होती. घाबरायचं नसतं. आत्याला सिस्टरच्या हातातली नळी दिसेना, एरंडेलाचा चमचा दिसू लागला. तिने सांगितले की हिच्या आईला विचारून पुढच्या खेपेला बघू. सिस्टरने सुई टोचली, पुढच्या वेळी नक्की घ्या असे बजावले आणि ती दुसऱ्या बाळाकडे वळली.

पुढच्या खेपेला आत्या आधीच म्हणाली, हिला ते थेंब सोसत नाहीत. त्याच्याही पुढच्या खेपेला सिस्टरने जरा आवाज चढवून विचारले, आईवडिलांना माहीत आहे ना? आत्या म्हणाली, माहीत आहे. हे मात्र खोटे होते. घरी भावजयीने चपला काढता काढता विचारले होते, वन्सं, सगळं दिलं ना? आणि आत्या म्हणाली होती, दिलं. हे तिच्या मते खोटे नव्हते. द्यायचे ते सगळे दिले होते, न द्यायचे तेवढे दिले नव्हते.

आता यात चूक कोणाची म्हणायची? आपल्या भाषेत खोकल्याचे औषध खोकला घालवते, तापाची गोळी ताप घालवते, आणि जुलाबाचे औषध मात्र जुलाब करते. सिस्टरने म्हटले एक, आत्याने ऐकले दुसरे, आणि मधल्यामध्ये पिटुकलीचे तोंड बंद राहिले.

पावसाळा गेला, थंडी पडली. पिटुकली बसू लागली, मग पोटावर सरकू लागली. शिलाईवालीचा नातू तिच्याच वयाचा होता. दोन्ही अंगठे आळीपाळीने चोखायचा, म्हणून त्याला अंगठेबहाद्दर म्हणत. दुपारी दोघे शिलाईवालीच्या दारात चटईवर बसत आणि दोऱ्याची रिकामी रिळे खेळत. रीळ याच्या तोंडातून त्याच्या तोंडात. आत्या रोज ती रिळे उकळून द्यायची. शिलाईवाली म्हणायची, "अगं, रिळं शिजवून मऊ होत नाहीत, किती उकळशील?"

एक दिवस अंगठेबहाद्दर ओकला. दुपारभर त्याला चारपाच वेळा पातळ झाले, अंग कोमट लागले. शिलाईवाली म्हणाली, दात येताहेत. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चटईवर हजर, जरा उतरलेला, पण अंगठा तोंडात. आत्याने मात्र त्या दिवशी पातेले उतरवलेच नाही. फरशी पुसली, चटई धुतली, स्वतःचे हात सोलवटेपर्यंत घासले. आपल्या घरात जंतूला पाय ठेवायला जागा नाही, असे ती पुटपुटत राहिली. त्याला पाय नसतात आणि जागाही लागत नाही, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

मग पिटुकलीने दूध टाकले.

आधी नुसते टाकले. मग फाटल्यासारखे टाकले. मग पोटात काही नसताना तिचे इवलेसे पोट आत ओढले जाऊ लागले आणि तोंडातून फक्त फेसाची तार आली. ताप चढला. दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. भावजय कामावर जाताना दारात थांबली होती, जाऊ की नको करत. आत्याच म्हणाली, तू जा, शेजारच्याला पण झालं होतं, दात असतील. तशी भावजय बस गाठायला निघाली.

सकाळ सरत आली तशी आत्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. आयुष्यभर डाग वाचणारी बाई ती, पण या दुपट्यावर वाचायला काही उरले नव्हते. शी नव्हतीच, नुसते पाणी. दुपटे ओले व्हायचे, आणि त्यात लघवी किती आणि जुलाब किती हे तिला सांगता येईना. तिने साखर-मिठाचे पाणी केले आणि वाटी पिटुकलीच्या ओठाला लावली. पोर अधाशासारखी प्यायली. घटाघटा, दोन्ही हातांनी वाटी ओढत. आणि क्षणात सगळे बाहेर. पुन्हा दिले, पुन्हा बाहेर. आत्याच्या कानात काकू बोलली, वरून घातलं तर खालून जाणारच. तिने वाटी बाजूला ठेवली. थोडा विसावा देऊ पोटाला, असे स्वतःशी म्हणाली.

पिटुकली वाटीकडे बघत रडली. मग कण्हली. मग गप्प झाली.

शिलाईवाली गळ्यात फीत अडकवूनच डोकावली आणि हळू आवाजात म्हणाली, झोपली वाटतं, बरं झालं बाई, झोपेने निम्मा आजार जातो.

बरं झालं. आत्या त्या शब्दांशी थबकली. शांत झाली, ऐकायला लागली, शहाणी झाली. हे तिने आधी एकदा ऐकले होते, स्वतःच्याच मनात, पाण्याच्या भांड्याशेजारी बसून. ती वाकून बघू लागली. पिटुकलीचे डोळे अर्धे उघडे होते. ती झोपली नव्हती. डोळे खोल गेले होते, कोणी अंगठ्याने आत दाबल्यासारखे. टाळूवर खळगा पडला होता. ओठांवर पापुद्रा. आत्याने तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, आणि ती चुणी तशीच उभी राहिली, न झटकता वाळत घातलेल्या चादरीच्या चुणीसारखी. हळूहळू, नाइलाजाने बसली.

"हिला काहीतरी होतंय," आत्या म्हणाली. तिचा आवाज तिलाच लहान मुलीचा वाटला.

शिलाईवाली जेवढी बोलकी तेवढीच कामाची. तिने अंगठेबहाद्दरला सुनेच्या मांडीवर टाकले, रिक्षा थांबवली, भावजयीच्या डेपोत फोन लावला. वायरमन कुठल्यातरी खांबावर चढलेला होता, त्याचा फोन खाली पिशवीत वाजत राहिला. रिक्षात आत्याने पिटुकलीला छातीशी धरले होते. प्रत्येक खड्ड्याला पोर दचकेल, रडेल, म्हणून ती वाट बघत होती. खड्डे येत होते, पोर दचकत नव्हती. शिलाईवाली सारखी म्हणत होती, देव तारी त्याला कोण मारी. आत्या ओठ हलवत होती पण तिला प्रार्थना आठवत नव्हती, एकही नाही, रोजचीसुद्धा नाही. एवढेच येत होते की हिला नको, हिला नको.

मुलांच्या वॉर्डात डॉक्टरीणबाईंनी पोरीला हातात घेतले, पोटाची कातडी चिमटीत धरली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू पुसले गेले. मग सगळी धावपळ. टेबलावर पिटुकली, तिच्याभोवती चार डोकी. हाताची शीर मिळेना. दुसऱ्या हाताची मिळेना. सुकलेल्या अंगात शिराही लपून बसतात. पायाला सुई लावली तेव्हा पिटुकली रडली, पण तोंड वेडेवाकडे झाले तेवढेच, डोळ्यांतून थेंब आला नाही. आत्या त्या कोरड्या डोळ्यांकडे बघत भिंतीला टेकली. 

तेवढ्यात भावजय आली, गणवेशात, खांद्याला तिकिटांची पिशवी तशीच. डॉक्टरीणबाईंनी तिला भराभर विचारले. किती वेळा झालं, कधीपासून, शेवटची लघवी कधी. आणि मग: "जुलाबाची लस झाली होती का?"

"सगळ्या झाल्यात," भावजय म्हणाली आणि तिने खात्रीसाठी नणंदेकडे बघितले.

आत्या गप्प राहिली असती तर त्या क्षणी कोणी उलट विचारले नसते. तिला तेही सुचले. आणि तिला हेही कळले की आपण आता बोललो तर हे लेकरू पुन्हा आपल्या हातात कोणी देणार नाही. पण टेबलावरचे ओठ तिला दिसत होते.

"ती नाही झाली," ती म्हणाली. "मीच नको म्हटलं. एवढ्याशा जिवाला जुलाब कशाला द्यायचा? माझ्या भावाला दिला होता. तो गेला."

डॉक्टरीणबाई थबकल्या. त्यांनी विचारले, जुलाब कोण देत होतं? मग आपणच बोललेले शब्द त्यांना आतून ऐकू आले असावेत, कारण त्या एकदम हळू झाल्या.

"आत्या, ते थेंब जुलाब करायचे नव्हते. जुलाब होऊ नयेत म्हणून होते."

आत्याने मान हलवली, जणू कोणी दुसऱ्या बाईविषयी सांगत होते. भावजयीने खांद्यावरची पिशवी काढून जमिनीवर ठेवली. आतली चिल्लर खणकली.  दिवसभर माणसांवर ओरडणारी ती, ओरडली असती तर बरे झाले असते.

सलाईन चालू झाले. डॉक्टरीणबाईंनी साखर-मिठाच्या पुडीचे पाणी कालवून आणवले आणि सांगितले की नळी तिचे काम करील, तुम्ही तुमचे करा. वाटी लावायची नाही, चमच्याने द्यायचे. एक चमचा, थांबायचे, मग दुसरा. ओकली तरी घाबरून बंद करायचे नाही, जरा दम घेऊन पुन्हा तोच चमचा. शेवटी त्या म्हणाल्या, तहानलेल्या लेकराला पाणी नाही म्हणायचं नाही. ते भावजयीला सांगितले होते, पण ऐकले आत्याने.

भावजय चमचा घेऊन बसली. वायरमन आला, खांबावरच्या ग्रीसने माखलेली बोटे लेकीला लावायची नाहीत म्हणून हात मागे बांधून उभा राहिला. त्याला सगळे कळले तेव्हा तो म्हणाला, "ताई, अगं एकदा मला तरी विचारायचंस." बस, एवढेच. आत्या दाराशी उभी होती. तिला कोणी बस म्हटले नाही आणि जा म्हटले नाही. तिथून तिला पिटुकलीचा एक पाय दिसत होता, पट्टीने बांधलेला, निळसर. ती त्या पायाच्या अंगठ्यावर नजर लावून होती. तो हलला की तिचा श्वास चालायचा.

वॉर्डातली सिस्टर येऊन विचारायची, लघवी? भावजय मान हलवायची, नाही. थोड्या वेळाने पुन्हा, लघवी? नाही.  तिने आयुष्यभर देवाकडे स्वच्छता मागितली होती. पांढरी चादर, कोरडी फरशी, निर्मळ पाणी. त्या दिवशी ती दाराला धरून एक ओले दुपटे मागत होती.

चमचा धरून धरून भावजयीचा हात थरथरू लागला, पाणी हनुवटीवर सांडू लागले. तिने दोनदा डोळे मिटून उघडले. मग मागे न बघता वाटी धरलेला हात दाराकडे केला.

"धरा, वन्सं."

आत्या आली. बसली. तिने पिटुकलीला मांडीवर घेतले आणि पहिला चमचा ओठांशी नेला तेव्हा तिच्यापुढे दोन तोंडे होती, एक हिचे, एक मधल्याचे, आणि दोन्ही उघडी होती. तिने चमचा दिला. थांबली. दुसरा दिला. पिटुकली ओकली. आत्याच्या कानात काकू पुन्हा बोलायला लागली तशी ती मोठ्याने म्हणाली, "गप्प बस." वायरमनला वाटले आपल्याला, तो आणखी गप्प झाला. आत्याने तोंड पुसले, दम घेतला, पुन्हा तोच चमचा. एक, आणि थांब. एक, आणि थांब.

खिडकीतले ऊन पलंगाखालून सरकत भिंतीवर चढले तेव्हा तिच्या मांडीला ऊब लागली. आधी तिचा विश्वास बसेना. तिने पिटुकलीला जरा उचलून बघितले. दुपट्यावर कडेला पिवळसर वळे असलेला एक गोल डाग होता, आणि हा डाग तिला वाचता येत होता. "हे बघ," ती भावजयीला म्हणाली. "हे जुलाबाचं नाही. लघवी आहे." भावजयीने डाग बघितला, मग पलंगाच्या कडेवर डोके टेकले आणि ती बसमधल्यासारख्या खणखणीत आवाजात रडली. सगळा वॉर्ड वळून बघू लागला.

पिटुकली तरली. घरी यायला काही दिवस गेले, आली ती काडीसारखी होऊन, आणि पुढे बरेच दिवस तिला जस्ताची गोळी विरघळवून द्यावी लागली. निघताना वायरमनने डॉक्टरीणबाईंना विचारले की आमच्या घरात एवढे उकळतात, तरी हे आले कुठून? त्या म्हणाल्या, हात धुवा, पाणी उकळा, ते हवेच, पण हा रोटा नावाचा विषाणू निव्वळ स्वच्छतेने अडत नाही, राजाच्या घरीही जातो. नखाच्या टोकावर मावेल एवढ्यातही भरपूर असतो. थेंब घेतलेल्या मुलालाही कधी होतो, पण बहुतेक वेळा असा सुकवून टाकत नाही. न्यायला आलेली शिलाईवाली नातवाला कडेवर घेऊन ऐकत होती. अंगठेबहाद्दरचे सगळे थेंब झालेले होते. एरवी तिने यावर काहीतरी फोडणी घातली असती. त्या दिवशी तिने नुसता नातवाच्या तोंडातला अंगठा काढला, पुसला, आणि त्याने तो परत घातला तेव्हा पुन्हा काढून पुसला.

घरी मात्र वारा पडल्यासारखे झाले. भावजय वाईट बोलत नव्हती. जेवायला वाढत होती, वन्संच म्हणत होती. पण कामावर जाताना पिटुकलीला शिलाईवालीकडे ठेवून जायची. आत्या घरात बसून भिंतीपलीकडे मशीनचा आवाज ऐकायची, आणि मशीन थांबले की तिचा जीव गोळा व्हायचा, का थांबले असेल? शेगडी थंड पडली होती. उकळायला काही हातात येतच नव्हते.

मग गोवराच्या लसीची वेळ आली. भावजयीने सकाळी पिटुकलीला टोपी घातली, नाड्या बांधल्या, आणि तिला उचलून आत्याच्या समोर उभी राहिली.

"तुम्हीच न्या," ती म्हणाली. "फक्त कळलं नाही तर विचारायचं. मला नाही तर तिथे. पण घरी येऊन दिलं म्हणायचं नाही."

आत्याने हात पुढे केले. 

त्याच मागच्या खोलीत, त्याच बाकड्यावर, तीच सिस्टर. तिने आत्याला ओळखले. तिला झालेले कळले होते, दवाखान्याच्या भिंतींनाही कान असतात. तिने सुई हातात घेतली तशी आत्याची मिठी घट्ट झाली.

"हे कसलं?"

"गोवराचं."

 बाकड्यावरच्या सगळ्या आया बघत होत्या. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती, म्हणून तिने विचारले, "गोवर आणणारं की थांबवणारं?"

कोणीतरी फिसकन हसले. सिस्टर हसली नाही. तिने सुई खाली ठेवली, आत्याच्या डोळ्यांत बघितले आणि म्हणाली, थांबवणारं, आत्या. मग आत्याने पिटुकलीचा दंड पुढे धरला. सुई झाली. रांगेत मागोमाग एक तान्हे होते. त्याच्यासाठी सिस्टरने ती ओळखीची नळी उचलली, "आता हे जुलाबाचे" एवढे म्हणाली, अडखळली, आणि त्या बाळाच्या आईला म्हणाली, "जुलाब थांबवायचे थेंब आहेत, तोंड उघडा त्याचं." आत्या त्या बाळाच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटचा थेंब आत जाईपर्यंत तिने श्वास सोडला नाही.

आणणारं की थांबवणारं, हे आता गल्लीत सगळ्यांच्या तोंडी झाले आहे. वायरमन खोकल्याची बाटली आणतो आणि स्वतःच आधी विचारतो. शिलाईवाली नवऱ्याला विचारते, आज पाहुणे आणणारा आहेस की थांबवणारा? आत्या हसते. पण कोणा मुलाचे पोट बिघडल्याचे कानावर आले की तिचे हसू मावळते आणि ती चमचा-वाटी घेऊन त्या दारात उभी राहते. भीती काही गेली नाही. तिला आता नुसते काम मिळाले आहे.

गोवराची लस घेऊन घरी आल्या त्याच दिवशी संध्याकाळी पिटुकली स्वयंपाकघरात रांगत गेली होती. आता ती गुडघ्यांवर रांगायला लागली होती. पाण्याच्या भांड्यापाशी पोचली, दोन्ही हातांनी काठ धरून उठली आणि तिने काठाला ओठ लावले. आत्या सवयीने धावली, तिच्या काखेत हात घातले, उचलायला. आणि तशीच ओणवी थांबली. ते पाणी त्या दिवशी उकळले होते की नाही, हे तिला आठवेना. ती खाली बसली. एका हाताने पोरीला धरले, दुसऱ्या हाताने जवळचे उकळलेल्या पाण्याचे फुलपात्र ओढले, आणि ते तिच्या ओठांशी हळूच कलते केले.